पायलच्या वहीतले चार रकाने

४ जुलै, शुक्र.

आज अंगणवाडीत वजनं घेतली. तांड्यावरची बावीस पोरं. चौघं काट्यावर उभी राहीनात, एकाने काट्यावरच मुतलं. तरी दिवस सोन्याचा. पायल, म्हणजे विमलची चार वर्षांची पोरगी, मार्चपासून माझ्या कुपोषित पोरांच्या लाल यादीत होती. गेल्या महिन्यात अकरा किलो सहाशे. आज तेरा चारशे! दोनदा काढलं. काटा दुसऱ्या फरशीवर ठेवून तिसऱ्यांदा काढलं. मोबाईलवर भरलं तर नाव लाल पट्टीतून थेट हिरव्यात. अठरा वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

सुपरवायझर मॅडमना तिचा फोटो पाठवला. त्यांनी ग्रुपवर टाकला. खाली टाळ्याच टाळ्या.

पायलची आजी जमलीबाई दारात उभी राहून नातीला न्याहाळत होती. म्हणाली, “छोरीच्या कमरेचा करदोडा दोन खेपा ढिला केला मी. धरून राह्यली आता.”

लाल यादीतली पोरं बारा तारखेला डॉक्टरांकडे तपासायला न्यायची आहेत. पायलचं नाव खोडलं. हिरव्या पोरांना गाडीत जागा नसते.

९ जुलै

पायल डोळे सुजवून आली. विमलला विचारलं तर, “रातभर रडली ताई, काय मालूम काहून.” आमची मदतनीस लीलाबाई म्हणे मच्छर चावले. दुपारपर्यंत उतरलं. सोडून दिलं.

१५ जुलै

पायल खिचडी खात नाही. पळापळीत जात नाही, भिंतीला टेकून बसते. चपला बसेनात म्हणून अनवाणी येते. विमलला म्हटलं, पोरगी वाढते आहे, एक नंबर मोठी घे. अशी मी शहाणी.

लीलाबाई मोरी धुता धुता म्हणाली, “ह्या पोट्टीच्या लघवीले साबनासारका फेस येते बाई.” मी म्हटलं, तू साबण कमी वापर.

२१ जुलै, सोम.

लिहायला हात धजत नाही.

पायलने कपडे ओले केले म्हणून तिचा फ्रॉक बदलत होते. करदोडा कमरेत रुतलेला, वरखाली मांस आलेलं. मी तो कात्रीने कापला तर खाली खोल चर. चर भरून येईना. तेव्हा कुठे डोकं चाललं. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून तीनपर्यंत मोजायचं, खड्डा राहतो का बघायचं, हे मला अठरा वर्षं शिकवतात. दर प्रशिक्षणात मीच पुढे होऊन करून दाखवते. दाबलं. कणकेत बोट रुतावं तसं रुतलं. खड्डा राहिला तो राहिलाच.

अंगठा आम्ही वाळक्या पोरांच्या पायावर ठेवतो. वजन वाढलेल्या पोरीच्या पायावर कोण ठेवतं? मी ज्याचा फोटो पाठवला ते पाणी होतं. टाळ्या पाण्याला पडल्या.

२२ जुलै

विमल, पायल, मी. सकाळच्या एस.टी.ने पुसद. बालरोगवाले डॉक्टर, वयस्क, कमी बोलणारे. त्यांनीही आधी नडगीच दाबली. मग लघवी मागितली, काचेच्या नळीत घेतली, चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग तापवला. आमच्या डोळ्यांदेखत पांढरं गोठलं. अंड्याचं पांढरं शिजतं तसं.

डॉ. म्हणाले, किडनीची चाळणी सैल झाली आहे. रक्तातली प्रथिनं लघवीतून गळतात, म्हणून अंगात पाणी साठतं. लहान मुलांत होतो हा आजार. बहुतेकांना गोळ्या लागू पडतात.

“बहुतेकांना” म्हणताना ते पायलकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

“सूज कधीपासून?”

मी म्हणाले, आठ दिवस.

विमलने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग पायलचा फ्रॉक सारखा करत राहिली. तिला वाटलं असेल ताईंना जास्त कळतं.

२३ जुलै

छातीचा फोटो, रक्त, सगळं कालच झालं. आजपासून गोळ्या सुरू. सहा आठवडे रोज. मध्येच बंद करायच्या नाहीत, कुणी सांगितलं तरी. मीठ बंदच. ताप आला तर दवाखान्यात यायला एक दिवसही थांबायचं नाही, कारण ह्या गोळ्यांनी अंगाची लढायची ताकद कमी होते. हे सगळं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून विमलला दोनदा वाचून दाखवलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

२७ जुलै

रोज सकाळची लघवी तापवून बघायची, वहीत लिहायची. विमल सातच्या आत निंदणाला जाते, घरी दिवा पेटवून कोण बसणार? मी म्हटलं, बाटली अंगणवाडीत ठेव, मी बघते. डॉक्टरांनी नळ्या, चिमटा दिला. नळीमागे छापील कागद धरायचा. अक्षरं स्वच्छ दिसली तर काही नाही. धुरकट दिसली तर एक. दिसेनाशी झाली तर दोन. गुठळ्या आल्या तर तीन. घट्ट झालं तर चार. वर दोन थेंब व्हिनेगर टाकायचं, पांढरं विरघळलं तर ते धरायचं नाही.

रकाने पाडले. तारीख, गोळी, वजन, लघवी. “काही नाही”साठी आमचा शब्द लिहिणार, निरंक.

आज चार.

२ ऑगस्ट

तीन. काल तीन. परवा चार.

पायलचं लक्ष गोळीवर. गुळात घालून दिली तर गूळ चाटून गोळी थुंकते. आज मला म्हणाली, “तू खा. मी तुले पानी देतो.” खोटं खोटं खाऊन दाखवली. ती हसली. पापण्या सुजल्या तर पोर हसताना दिसतच नाही नीट, नुसते गाल हलतात.

९ ऑगस्ट

दोन! वजन उतरतं आहे. आयुष्यात पहिल्यांदा वजन उतरलं म्हणून आनंद झाला. लीलाबाईच्या हातात आज नळी तडकली, तिने किंचाळून दिवाच लवंडला. आता जवळ येत नाही.

तांड्यात तीजची गडबड. मुलींनी टोपल्यांत गहू पेरलेत, गाणी म्हणत पाणी घालतात. पायलला पण घालायचं होतं. जमलीबाईने उचलून नेलं. आली ती घामेजून, पण खूश.

२० ऑगस्ट

एक. अक्षरं धुरकट पण वाचता येतात. कालही एक, परवाही.

पायलची भूक राक्षसासारखी. गाल गोल गोल, पण ही सूज नाही, गोळ्यांचे गाल आहेत, डॉ. म्हणालेच होते. तांडा म्हणतो पोरगी बरी झाली. जमलीबाई भाजीत चिमूटभर मीठ घालताना सापडली. मी ओरडले. ती म्हणाली, “अलोनं खाऊन ढोर बी जगत नाई, बाई.”

२९ ऑगस्ट

एक. महिना झाला, निरंक एकदाही नाही. मनात पाल चुकचुकते. ३ तारखेला सहा आठवडे पूर्ण. तोवर आलं नाही तर पुढचं वेगळं, नागपूर, असं डॉ. मागे म्हणाले होते.

उद्या माहेरी नेरला जायचं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. सोमवार-मंगळवार तालुक्याला प्रशिक्षण. चार दिवस नळी लीलाबाईने करायची. “करते” म्हणाली, पण तोंड दुसरीकडे करून.

२ सप्टें., मंगळ., संध्याकाळ

खिडकीत चार बाटल्या ओळीने उभ्या. लीलाबाईने हात लावला नाही. उन्हात तापून वास सुटलेला. विमल मात्र न चुकता ठेवून गेली, चारही दिवस.

ओतून दिल्या. शेवटची तरी तापवून बघायला हवी होती का? बघितली नाही. का नाही, ते मला माहीत आहे.

३ सप्टें.

एस.टी.त वही उघडली. ३०, ३१, १, २. चार रकाने कोरे. बाजूला विमल, मांडीवर पायल झोपलेली.

कोरा रकाना मला बघवत नाही. तपासणीत कोरा रकाना म्हणजे मेमो. पोरं आली नाहीत तरी, तांदूळ आला नाही तरी, रकाना भरायचा. गेली अठरा वर्षं. हात आपोआप चालला. निरंक. निरंक. निरंक. निरंक. दोन निळी, दोन काळ्या पेनने. एकाच वेळी भरलेलं वाटू नये म्हणून पेन बदलायचं, हे पण सवयीनेच.

वाटलं होतं, डॉ. तिथे तपासतीलच, तेव्हा खरं काय ते दिसेल. पण पायल स्टँडवरच लघवी करून बसली. दवाखान्यात पाणी पाजलं, अर्धा तास नळाखाली उभी केली, थेंब नाही. बाहेर गर्दी. डॉ. म्हणाले, “राहू द्या, वही आहे ना.” वही चाळली. चार निरंकांवर बोट ठेवून हसले. पहिल्यांदा हसताना पाहिलं त्यांना. “लागू पडलं औषध. आता दिवसाआड. वही अशी ठेवली पाहिजे सगळ्यांनी.”

विमल त्यांच्या पाया पडायला वाकली, ते मागे सरकले. मग बाहेर येऊन ती माझ्या पाया पडली.

४ सप्टें.

एक. उजेड कमी असेल. लिहिलं, लेशमात्र.

८ सप्टें.

दोन. दोनच आहे, किती वेळा नळी फिरवली तरी. डोस कमी केला की चार दिवस असं होत असेल. उद्या फोन करते.

१२ सप्टें.

तीन. फोन केला नव्हता.

१५ सप्टें., सोम.

पायलचे डोळे आज उघडेचनात. पुसद. इथे लघवी दिली तिने, चार आली. डॉ. म्हणाले आजार उलटला, उलटतो कधी कधी. एकदा उतरलेला आहे, म्हणजे पुन्हा उतरेल. परत रोजच्या गोळ्या.

ते जे बोलत होते ते माझ्या चार शब्दांवर उभं होतं. ते उतरलंच नव्हतं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, मीठ बंदच ठेवायचं ना?

१६ सप्टें.

घरी ह्यांना सांगितलं. हे शिवणयंत्रावर, मान वर न करता म्हणाले, “रकाने सगळेच भरतात. तू एकटी आहे का?” मी म्हटलं, हा रकाना तसला नव्हता. यंत्र थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं.

२० सप्टें.

तीन. पायल अंगणवाडीत येत नाही आता, मी नळी घेऊन तिच्या घरी जाते. पोट ढोलासारखं. आज मला म्हणाली, “गोड बोल.” मी म्हटलं, काय बोलू? म्हणाली, “निरंक बोल.” विमल रोज विचारते, निरंक आलं का, ते ऐकून तिला वाटतं तो गोड शब्द आहे, तो आला की तिची याडी, म्हणजे आई, हसेल.

२४ सप्टें., बुध.

सांगितलं.

डॉ. वही पुढे-मागे करत होते. “पहिल्या वेळी शून्यावर आलं. आता पूर्ण डोस, तरी तीनच. असं का, समजत नाही.” विमल पायलला घेऊन बाहेर गेली, लघवीला. मी म्हणाले, ते चार दिवस मी बघितलंच नव्हतं.

“कुठले?”

मी बोट ठेवलं. त्यांनी लाल पेन घेऊन चारही शब्दांवर सरळ रेघ मारली. रागावले नाहीत. म्हणाले, “म्हणजे औषध लागू पडलंच नव्हतं. तेव्हाच नागपूरला पाठवलं असतं. पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढतात, त्याशिवाय कुठलं औषध चालेल ते कळत नाही.” चिठ्ठी लिहायला लागले. तीन आठवडे गेले, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. “आईला मी सांगू की तुम्ही?”

मी.

स्टँडवर बाकावर बसून सांगितलं. विमल पायलसाठी केळं सोलत होती. चार दिवसांचं सांगितलं. तोंड उघडलंच होतं म्हणून जुलैचंही सांगितलं, सूज आठ नाही, अठरा दिवस जुनी होती आणि मी तिचा फोटो काढला होता. काही शिल्लक ठेवलं नाही.

तिने केळं पूर्ण सोललं. पायलच्या हातात दिलं. मग, “काहून?”

मी म्हणाले, आम्ही रकाना कोरा ठेवत नाही.

“माह्या पोरीच्या मुताचा रकाना भरला तुमी,” ती हळूच म्हणाली. माझ्या पर्समधून वही काढून घेतली. गाडीत दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. पायल मध्ये मध्ये मागे वळून हात हलवत होती.

२६ सप्टें.

सुपरवायझर मॅडमना लेखी द्यायला गेले. त्यांनी कागद वाचून परत केला. “मूत तपासणं आपल्या कामात बसतच नाही. मग तुमची चूक कुठल्या रजिस्टरला दाखवू? घरी जा.” माझी चूक ठेवायलाही रकाना नाही.

२७ सप्टें.

विमल-पायल आज नागपूरला गेल्या. सोडायला गेले होते. “नीट जा,” म्हटलं. “हो मॅडम,” म्हणाली. सहा वर्षांत मला तिने ताई सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

तिचा नवरा प्रकाश ऊसतोडीच्या टोळीत. दसऱ्यानंतर ट्रक येणार. कोयत्याला जोडी लागते, नवरा-बायकोची. विमल नागपुरात, म्हणून जमलीबाई जाणार मुलासोबत. पासष्टीची बाई मोळ्या वाहणार. मला म्हणाली, “तुमी काई बोलू नका, बाई. मी ऊस पायला हाय.”

२ ऑक्टो., दसरा

दरवर्षीप्रमाणे नागपूर, दीक्षाभूमी. पांढरी साडी. माणसांच्या समुद्रात उभी होते, पण वंदना तोंडात येईना. खोटं बोलणार नाही, असं दरवर्षी इथेच म्हणते. आज ते वाक्य आलं तशी गर्दीतून बाहेर पडले.

तिथून दवाखान्यात. परवा सुई झाली. पायल एक दिवस पालथी निजून होती, आता बसते. “मले पाठीत सुई देल्ली. मी रडलो नाई. थोडीशीच रडलो.” तोंड इतकं सुजलेलं की आवाजावरून ओळखायची.

विमलशी बाहेर बोलले. मीच बोलले. केळी नेली होती, ती तिने खाली ठेवली. इथे लघवीत कागदाची पट्टी बुडवतात. ती म्हणाली, “पट्टी आपआपच रंग बदलते, मॅडम. कोनी लिवाव लागत नाई.”

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना विचारलं. रिपोर्टला आठ-दहा दिवस. इंग्रजीत नाव येईल. एम अक्षराने सुरू झालं तर बरं, दुसऱ्या औषधाने बहुतेक उतरतं. एफ ने सुरू झालं तर किडनी हळूहळू जाते, थांबवायचा प्रयत्न करतात. एवढं सांगून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

७ ऑक्टो.

पायलला ताप. विमलने लीलाबाईला फोन केला, मला नाही. लीलाबाईने सांगितलं. पोटात दुखतं म्हणते, शिरेतून औषध चालू. मी विचारलं, किती ताप? लीलाबाई म्हणाली, “मले आकडा नाई सांगतला. तुमाले सांगू नको म्हनली.”

९ ऑक्टो.

ट्रक गेला. तांडा निम्मा रिकामा. जमलीबाई मागे सामानावर बसलेली, कोयता गोधडीत गुंडाळून. पोरं कमी, खिचडी उरली. आज हजेरीत सहाच लिहिली, कारण सहाच होती. सुपरवायझर मॅडमचा लगेच फोन, इतकी कमी कशी? सांगितलं, आहेत तितकी.

ताप उतरला म्हणे. लघवी कमीच होते.

११ ऑक्टो., शनि.

दुपारी विमलचा फोन. माझ्याच नंबरवर.

“मॅडम, कागद आला. डाक्टर राउंडले पाच वाजता येनार. मले इंग्रजी येत नाई, इथं कोनाले विचारू? फोटो पाठवतो. तुमी वाचून सांगा.”

मी म्हटलं, पाठव, लगेच सांगते.

तिच्या मागे वॉर्डातलं पोर रडत होतं, पायल की दुसरं, कळेना. मग म्हणाली, “सांगा तुमी. पन मी पाच वाजता डाक्टरले पुन्ना विचारीन.”

हो, विचार, म्हटलं. नक्की विचार.

फोटो आला आहे. चार वाजून दहा मिनिटं झालीत. एवढं लिहून झालं की उघडते, आणि पहिलं अक्षर जे असेल ते तिला सांगते.